शेरा

समुद्र मी पाहिलेला नाही.
तरी रोज सकाळी आठला
लिंबाळ्याच्या पुलाखाली, तेरणेच्या काठावर उभी राहून
त्याच्यापासूनची उंची लिहिते:
पाचशे एकसष्ट मीटर, पुढे टिंब, पुढे तीन आकडे.
शेवटचा आकडा डोळ्याचा.
लाटेची वरची कड, खालची कड,
मधोमध नजर धरायची, श्वास सोडायचा,
मग पेन टेकवायचं.
हे मैनोद्दीन मामूंनी शिकवलं.
त्यांच्या हातून ही नोंदवही माझ्याकडे आली,
सोबत एक काडी मोडलेली छत्री
आणि किल्लीशिवायही उघडणारं कुलूप.

मामू म्हणायचे,
वरचं पाणी बढाया मारतंय, बाई.
तळचं दगडाला धरून कुरकुरतंय.
दोघांचंबी ऐकायचं न्हाई.
खोलीचे दहा हिस्से कर, वरून सहाव्यात यंत्र सोड.
तिथं नदी खरं बोलती.

भाद्रपदात मी कमरेइतक्या पाण्यात, दोराला धरून.
कानात टिक, टिक, टिक,
पाण्याखाली वाट्या फिरतायत,
आणि काठावर गोधड्या आपटणारी अनशीबाई ओरडते,
"काय गावलं गं?"
"शून्य पूर्णांक बेचाळीस."
"मंजी मासा न्हाई."

मार्चनंतर नदी पट्टीवरून उतरून जाते.
पट्टीचा शून्य पूर्वी वाळूत रुतलेला असायचा म्हणे.
वाळू गेली. शून्य आता हातभर हवेत.
नियम असा, की तरी यायचं.
आठ, एक, सहा.
पातळीच्या रकान्यात आडवी रेघ,
शेऱ्यात: पात्र कोरडे.
शंभर दिवस, तीनशे वेळा, तेच दोन शब्द.
पाणी नसल्याचीही हजेरी घ्यावी लागते.

एका दुपारी कंटाळून मामूंच्या जुन्या वह्या काढल्या.
पावसाळ्यात नुसते आकडे, सुतासारखे सरळ.
आणि कोरड्या महिन्यांत
शेऱ्याचा रकाना दुथडी भरलेला.

पात्र कोरडे. टिटवीची अंडी, चौथ्या पायरीच्या डावीकडे. सांभाळून उतरणे.
पात्र कोरडे. रात्री वाळूचा ट्रॅक्टर. नंबर नव्हता.
पात्र कोरडे. बायकोला लातूरला नेले.
पात्र कोरडे. अंडी फुटली. दोन पिल्ले.

मग तीन दिवस अक्षर दुसऱ्या कुणाचं.
मग पुन्हा मामूंचं, थोडं बारीक झालेलं.

समासात लाल शाई: अनावश्यक मजकूर. खुलासा करावा.
खाली मामूंची सही.
खुलासा नाही.

यंदा पुलाच्या कठड्याला डबा बसवला.
सौरपट्टी, अँटेना, खाली तोंड केलेला एक डोळा.
दर पंधरा मिनिटांनी तो नदीला विचारतो
आणि उत्तर परस्पर वर कळवतो.
तोडकर साहेब म्हणाले, आता तुम्ही फक्त पडताळणीला.

मे महिन्यात, भर दुपारी, फोन.
"लिंबाळा! पातळी एकदम सव्वा मीटर वाढलीय.
वरून कुणी पाणी सोडलं का?"
मी पळत गेले, चप्पल एका हातात.
डब्याच्या बरोबर खाली, पुलाच्या सावलीत
गुरुलिंगप्पा हत्तरग्यांची म्हैस
उभ्या उभ्या रवंथ करत होती.
"साहेब, म्हैस आहे."
पलीकडे बराच वेळ खरखर.
"हलेल कधी?"
"ऊन उतरल्यावर."

त्या दिवशी सहाच्या नोंदीत मी रेघ मारली,
आणि शेऱ्यात लिहिलं:
पात्र कोरडे. म्हैस एक, सव्वा मीटर.
साडेपाचला ओसरली.

लाल शाई येईल. येऊ दे.

वही बगलेत मारून पायऱ्या चढते.
चौथीवर आले की अजूनही
आधी डावीकडे बघते,
मग पाय टाकते.